आवरून झालं का?

सन 1920च्या मार्च महिन्यात जपानमधली एक बाई केस विंचरायला बसली. अजून तिचं आटोपलेलं नाही. मान कललेली, केसांचा काळाभोर लोट एका हाताने पुढे घेतलेला, दुसऱ्या हातात फणी आणि नजर भलतीकडेच. हाशिगुची गोयो नावाच्या चित्रकाराने तिला लाकडी ठशांवरून कागदावर उतरवलं आणि तेव्हापासून जगभरातली एरवी शहाणीसुरती असलेली माणसं या वेणीफणीपायी पगार उडवत आली आहेत. त्यांतला एक माझा नवरा.

नवऱ्याकडे अर्थात ही बाई नाही. तिची पहिल्या छपाईची, निर्दोष प्रत घ्यायची तर आधी बँकेत जाऊन चांगले कपडे घालून बसावं लागेल. त्याच्याकडे आहेत त्या तिच्या गरीब नात्यातल्या. एक नखं कापते आहे. एक अंघोळीहून येऊन पंख्याने वारा घेते आहे. एक आरशात बघून भुवई कोरते आहे, आणि ती दुसऱ्या भुवईपर्यंत पोचेल असं मला वाटत नाही. एकीने हातात छत्री घेतली आहे, तेव्हा मला आशा वाटली होती. पण ती छत्री ती नुसती धरून उभी आहे.

मराठी नवऱ्याच्या संसारातला सर्वांत जुना प्रश्न म्हणजे 'आवरून झालं का?' तो चपला घालून, किल्ली बोटाभोवती फिरवत, दारातून विचारायचा असतो. टोकियोला राहायला आल्यापासून त्यात आगगाडीची भर पडली. आम्ही निशी-कसाईला राहतो, जिथे संध्याकाळी बाहेर पडलं की जपानीच्या बरोबरीने तमिळ, तेलुगू आणि मराठी कानावर पडतं. तिथली तोझाई लाइन मिनिटाच्या काट्यावर येते, त्यामुळे नवरा आता आकडा घालून ओरडतो. माझ्या साडीच्या निऱ्यांना लागणारी पाच मिनिटं ज्याला सोसत नाहीत, तोच माणूस शंभर वर्षांत उंबरठ्याबाहेर पाऊल न टाकलेल्या बायका हप्त्याहप्त्याने विकत घेतो आणि "काय निवांतपणा आहे बघ तिच्या चेहऱ्यावर!" असं मला सांगतो. निवांतपणा असणारच. तिला दारातून कोणी हाका मारत नाहीये.

या प्रकरणाचं मूळ शोधायला गेलं तर ते वातानाबे शोझाबुरो या टोकियोच्या प्रकाशकापाशी जातं. सुंदर स्त्रियांची ठसेचित्रं, म्हणजे बिजिन-गा, हा जपानचा जुना माल. अठराव्या शतकाच्या अखेरीला उतामारोने त्यात कमाल करून ठेवली होती. पुढे फोटो आला, यंत्राची छपाई आली आणि हाताने ठसे कोरणाऱ्यांचे दिवस फिरले. 1915च्या सुमारास वातानाबेने ठरवलं की चित्रकार आजचे घ्यायचे, बायका आजच्या घ्यायच्या, पण कारागिरी जुनीच ठेवायची. या नव्या छापचित्रांना शिन-हांगा म्हणतात. माल बराचसा अमेरिकेला जाई. जपानी माणसाला स्वतःच्या घरात दिसणारी बाई पैसे देऊन भिंतीवर कशाला हवी असेल, हा माझा अंदाज.

वातानाबेने गोयोला गाठलं आणि त्याच वर्षी अंघोळ करणाऱ्या बाईचं चित्र छापलं. गोयोला छपाई पसंत पडली नाही. झालं, एका अंघोळीवरून दोघांचं फाटलं आणि गोयोने स्वतःचे कोरणारे, स्वतःचे छापणारे जमवून स्वतंत्र चूल मांडली. माणूस विलक्षण चिकित्सक. सोसेकीच्या मांजराच्या प्रसिद्ध कादंबरीची सजावट याचीच. हयातीत त्याची ठसेचित्रं पुरी झाली चौदा. 1921 साली, चाळिशीतच तो गेला. शेवटच्या चित्राच्या कामावर त्याने अंथरुणातून देखरेख केली, पण ते पुरं झालेलं काही त्याला पाहायला मिळालं नाही. पुढे घरच्यांनी त्याच्या नावावर आणखी काही चित्रं छापून घेतली. संग्राहक मंडळी या चित्रांबद्दल बोलताना आवाज जरा खाली आणतात, जसा आपण दुसऱ्या लग्नाच्या मुलांबद्दल बोलताना आणतो.

गोयो गेला तरी वातानाबेचं अडलं नाही, कारण तोवर त्याला इतो शिन्सुई सापडला होता. 1916 साली शिन्सुईने आरशासमोरच्या बाईचं पहिलं चित्र दिलं तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. गडद लाल वस्त्रातली बाई, बाजूने दिसणारी, आणि आरसा चित्रात नाहीच. या वयात आमच्याकडची मुलं बारावीच्या निकालाची वाट बघतात. शिन्सुईने पुढची कित्येक वर्षं बायकांना आरशासमोर, न्हाणीत, हिमात आणि मच्छरदाणीत बसवून काढली.

आता एवढं सगळं करायला माणसं किती लागतात ते बघा. चित्रकार फक्त चित्र काढून देतो. मग कोरणारा ते चेरीच्या लाकडावर कोरतो, एकेका रंगाला एकेक ठसा. मग छापणारा हाताने केलेला कागद ओलसर करून प्रत्येक ठशावर नेमका बसवतो आणि बांबूच्या सालपटात गुंडाळलेल्या बारेन नावाच्या चकतीने मागून घासतो. रंग बदलला की पुन्हा तेच. कागद केसाएवढा सरकला की भुवई कपाळावर जाते. या सगळ्यांना पैसे पुरवायला आणि घाई करायला प्रकाशक. थोडक्यात, एका बाईच्या वेणीफणीला चार पुरुष. चित्रकाराची सही चित्रात असते, प्रकाशकाचा शिक्का असतो, काही चित्रांच्या समासात तर कोरणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचंही नाव असतं. जिचे केस, तिचं नाव बहुतेक वेळा कुठेच नसतं. याबद्दल मी नवऱ्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "पण केस किती बारीक कोरलेत ते बघ." मी बघितले. कपाळाच्या कडेला, जिथे केस सुरू होतात तिथे, एकेक केस लाकडातून सुटा उभा केलेला असतो. तिथे कोरणाऱ्याचा हात समजतो. मी त्या अनाम बाईच्या बाजूने भांडायचं ठरवून गेले होते आणि बराच वेळ नुसते तिचे केसच बघत बसले.

हे मात्र माझ्यासारख्या अडाण्यांचं काम. खरा संग्राहक बाईकडे बघत नाही. मुलगी बघायला आलेल्या मंडळींत एखादे काका असतात, ते पोह्यांची बशी हातात घेऊन छताची ओल, दाराच्या बिजागऱ्या आणि शेजाऱ्यांची भिंत निरखत असतात. मुलगी चहा देऊन गेली तरी त्यांना पत्ता नसतो. संग्राहक म्हणजे हे काका. त्याच्या हातात चित्र दिलं की तो प्रथम ते उलटं करतो. मागून रंग किती मुरलाय, जुन्या अल्बममधून काढताना कागद सोलला गेलाय का, कोणा नतद्रष्टाने चिकटपट्टी लावली होती का, हे बघतो. मग समास. समास चारही बाजूंनी शाबूत आहेत की पूर्वीच्या मालकाने चौकटीत बसवायला कात्री चालवलीय? मग शिक्का कुठल्या काळातला. मग बुरशीचे तपकिरी ठिपके. मग दिव्याखाली चित्र तिरकं धरून पार्श्वभूमीतली चमक. या चित्रांच्या पार्श्वभूमीवर कधीकधी अभ्रकाची पूड लावतात, ती समोरून राखाडी दिसते आणि तिरकं धरलं की चांदीसारखी उजळते. ती बघण्यासाठी माणूस मान अशी काही वाकडी करतो की चित्रातली बाई बरी वाटते.

एकदा नवऱ्याचा एक संग्राहक मित्र आमच्याकडे जेवायला आला होता. दोघांनी तासभर एका चित्रावर चर्चा केली. मी भाकऱ्या थापता थापता ऐकत होते. समास पूर्ण, मागे दोन डाग, अभ्रक ठीक, उजव्या कोपऱ्यात हलकी घडी, निळा रंग थोडा उडालेला. जेवताना मी मित्राला विचारलं की ती बाई कशी होती. तो दचकला. "बाई?" म्हणाला, "बाई... चांगली होती."

या लोकांचा इतिहासाकडे बघण्याचा कोनही असाच वाकडा. 1 सप्टेंबर 1923ला टोकियो-योकोहामा भागात महाभूकंप झाला, आगी लागल्या, लाखावर माणसं गेली. त्या आगीत वातानाबेचं दुकान, छापलेली चित्रं आणि कोरलेले ठसेही जळाले. त्यामुळे भूकंपाआधीच्या प्रती दुर्मिळ. संग्राहक या भूकंपाची हकिकत गंभीरपणे सांगतो, पण त्याचा कंठ खरा दाटतो तो वातानाबेच्या दुकानाशी आल्यावर. एखाद्या चित्राबद्दल "भूकंपाआधीचं" असं म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर जे येतं, ते दुःख आहे की समाधान हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही.

सरकारने यात हात घातल्याचीही एक गोष्ट आहे. काबुकी नाट्यगृहांचे फलक पिढ्यान्पिढ्या रंगवणाऱ्या तोरी घराण्यात दत्तक गेलेला कोतोन्दो नावाचा चित्रकार होता. त्याने 1930च्या सुमारास सकाळी उठलेल्या, केस विस्कटलेल्या बाईचं चित्र काढलं. सोज्वळ माणसाला ते बघून 'आता चहा टाकावा' एवढंच सुचेल. पण अधिकाऱ्यांना त्या केसांत रात्र दिसली. संग्राहकांत सांगतात ती हकिकत अशी की शंभर प्रती काढायच्या होत्या, सत्तर विकल्या गेल्या आणि उरलेल्या तीस सरकारने नष्ट केल्या. म्हणजे विंचरणाऱ्या बाईला परवानगी आणि न विंचरलेलीला बंदी. या एका निर्णयाने त्या सत्तर जणांची नातवंडं कशी मालामाल झाली असतील, याचा विचार नवरा दर दिवाळीला बोनस आल्यावर करतो.

त्याच्याकडे स्वतःच्या समर्थनाचा हुकमी एक्का आहे, तो म्हणजे स्टीव्ह जॉब्स. या माणसालाही शिन-हांगाचं वेड होतं. टोकियोच्या गिंझा भागातल्या एका चित्रदुकानातून तो ही चित्रं घेत असे. 1984 साली पहिला मॅकिंटॉश जगापुढे आला तेव्हा त्याच्या इवल्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर काय काय करता येतं हे दाखवायला जे चित्र लावलं होतं, ते हेच, गोयोची केस विंचरणारी बाई. मी हे फोटोत पाहिलं आहे. ठिपक्याठिपक्यांची झालीय बिचारी, पण फणी सोडलेली नाही. "बघ, जॉब्ससुद्धा!" असं नवरा म्हणतो. जॉब्सने आधी कॉम्प्युटर कंपनी काढली आणि मग चित्रं घेतली, हा क्रम मी त्याच्या नजरेस आणून दिला. नवरा ज्या कंपनीत काम करतो ती त्याची नाही आणि तिथला कॉम्प्युटरही त्याचा नाही.

बरं, एवढं करून आणलेल्या बायका बघायला तरी मिळाव्यात! तेही नाही. उजेडाने रंग उडतात, त्यामुळे त्या भिंतीवर पाहुण्यासारख्या थोडे दिवस येतात आणि पुन्हा आम्लरहित कागदात गुंडाळून सपाट खणात आडव्या होतात. आमचं घर टोकियोच्या मानाने मोठं आहे, म्हणजे दोन माणसं एकमेकांना न घासता वळू शकतात. त्यात एक उंच कपाट त्यांचं. जूनमध्ये इथे 'त्सुयू', म्हणजे त्यांचा पावसाळा सुरू होतो. कोकणातल्यासारखा कोसळत नाही. नुसता लोंबकळत राहतो, आणि कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यांवर हिरवी लव येते. हवेतली ओल शोषणारं यंत्र आमच्याकडे एकच आहे. ते कुठे ठेवलंय हे सांगायला नकोच. भर त्सुयूत घरातल्या माणसांचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत आणि त्या बायका, ज्यांतल्या निम्म्या नुकत्याच न्हाऊन आल्या आहेत, ठणठणीत कोरड्या असतात.

नेमक्या त्याच दिवसांत पुण्याहून सासूबाई आल्या. लेकाने मोठ्या उमाळ्याने कपाट उघडलं, हात धुतले, कोरडे केले आणि एकेक चित्र काढून टेबलावर मांडलं. सासूबाईंनी चष्मा बदलला. चित्रकार दलाल आणि मुळगावकरांच्या काळातल्या त्या. दिवाळी अंक रद्दीत गेला तरी मुखपृष्ठावरची बाई चौकटीत जायची, हे त्यांनी पाहिलेलं. त्यामुळे चित्रातल्या बायकांकडे बघायचं कसं हे त्यांना शिकवावं लागत नाही. त्यांनी एकेकीकडे नीट पाहिलं. थेट चेहऱ्याकडे. नवऱ्याच्या आजवरच्या पाहुण्यांत हे करणाऱ्या त्या पहिल्याच.

"हिच्या केसांना तेल नाही," त्या म्हणाल्या. मग पुढचीकडे वळून, "ही दमलीय." मग, "हिला कोणीतरी आत्ताच काहीतरी बोललंय, बघ. तोंडावर दाखवत नाहीये." आणि सगळ्या बघून झाल्यावर, "अरे, यांतली एकसुद्धा तयार कशी नाही? सगळ्या आपल्या बसल्याच आहेत."

"आई, तेच तर सौंदर्य आहे," नवरा म्हणाला.

"असेल. पण घरात केस असे सोडून बसू नये."

मी चहा ठेवायला आत गेले, कारण माझं हसू मला आवरेना.

त्या शनिवारी नवरा आम्हाला दोघींना घेऊन जिंबोचोला निघाला. तोझाई लाइनने कुदानशिताला उतरून थोडं चालायचं. जुन्या पुस्तकांच्या दुकानांचा हा रस्ता म्हणजे पुण्याच्या अप्पा बळवंत चौकाला निवृत्तीनंतर जसं व्हावंसं वाटेल तसा आहे. शांत, सावलीतला, गाईड मागणारं कोणी नाही. त्यांतल्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर ठसेचित्रं मिळतात. जोडे काढून ठेवायचे, पाण्याची बाटली टेकवायची नाही, पेन खिशात. सासूबाईंना हे सोवळं फार आवडलं.

बसल्यावर त्यांनी विचारलं, "आपल्याकडचं काही नाही का यांच्याकडे?" दुकानदाराने लगेच एक जाडजूड सूचीपुस्तक काढलं. योशिदा हिरोशी नावाचा चित्रकार 1930-31मध्ये आपल्याकडे हिंडून गेला आणि परत जाऊन त्याने 1931 साली ताजमहाल, कांचनगंगा यांच्याबरोबर चक्क अजिंठाही लाकडावर उतरवला. पुस्तकातलं अजिंठ्याचं चित्र पाहून सासूबाई हरखल्या. शाळेत शिक्षिका होत्या तेव्हा दर काही वर्षांनी त्या मुलींना घेऊन अजिंठ्याला जात. "पण यात ती सतरा नंबरातली कुठाय?" त्या म्हणाल्या. सतराव्या लेण्यात आरसा हातात घेऊन नटणारी एक राजकन्या आहे, आजूबाजूला दासी. पाचव्या शतकापासून नटते आहे. म्हणजे आवरण्याच्या बाबतीत आपली बाई जपानच्या बाईपेक्षा साधारण चौदाशे वर्षांनी पुढे आहे. ही माहिती नवऱ्याने जपानीत दुकानदाराला सांगितली. तो आदराने वाकला.

मग त्याने खास म्हणून एक चित्र बाहेर काढलं. कोबायाकावा कियोशीचं 1930मधलं 'होरोयोइ', म्हणजे किंचित चढलेली. त्या काळच्या टोकियोत केस कापून, पाश्चात्त्य झगे घालून हिंडणाऱ्या ज्या 'मॉडर्न गर्ल' होत्या, त्यांतली ही. टेबलावर कोपरं टेकलेली, एका हातात सिगारेट, पुढ्यात कॉकटेलचा पेला, ओठ लाल, बोटात अंगठी. केस आखूड, त्यामुळे विंचरायचा प्रश्नच मिटला. आणि मुख्य म्हणजे आरशात नाही, पाण्यात नाही, नखांकडे नाही, ही समोर बघते. जो बघायला आला असेल त्याच्याकडे.

मी जरा चपापले. आमच्या घरात वाइनची बाटलीसुद्धा सासूबाई आल्यावर व्हिनेगरच्या मागे जाते. पण त्या पुढे सरकल्या, त्यांनी चष्मा बदलला आणि बराच वेळ त्या दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"हिचं आवरून झालंय," सासूबाई म्हणाल्या. "आवरून, बाहेर पडून, पोचलीसुद्धा. हीच घे."

"आई, ही पहिल्या आवृत्तीची आहे का ते बघायला हवं. नंतर छापलेली असेल तर..." असं म्हणत नवऱ्याने दोन्ही हातांनी चित्र अलगद उचललं आणि सवयीने उलटं केलं.

"अरे, मागून काय बघतोस? ती समोरून बोलतेय ना!"

दुकानदाराला मराठी येत नव्हतं. तरी त्याने ते चित्र नवऱ्याच्या हातून काढून घेतलं, सुलटं करून सासूबाईंसमोर ठेवलं आणि कॅल्क्युलेटर नवऱ्याकडे सरकवला.